राखीव कोअर आणि नको असलेले ‘इंटरप्ट’: मशीन चालवणारा कॉम्प्युटर वेळ कसा पाळतो?

कोल्हापूरच्या फौंड्रीत लेडलमधून साच्यात वितळलेले लोखंड ओतणाऱ्या कामगाराला कोणी मध्येच हाक मारत नाही. धार एकदा सुरू झाली की साचा भरेपर्यंत ती तुटता कामा नये. तुटली, तर आधी पडलेला धातू थिजायला लागतो, मागून आलेला धातू त्याच्याशी एकजीव होत नाही आणि कास्टिंगमध्ये सांधा राहून जातो. या दोषाला ‘कोल्ड शट’ म्हणतात. असा जॉब बहुतेक वेळा रिजेक्टच होतो.

हेच कास्टिंग पुढे सीएनसी मशीनवर चढते. तिथे वितळलेला धातू नसतो, पण नियम तोच असतो. मशीनच्या आत बसलेला कॉम्प्युटर मोटरला सेकंदाला हजार वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा ‘आता इथे जा’ असा हुकूम देत असतो. हा हुकूम ठरलेल्या क्षणीच जावा लागतो. नेमक्या त्या क्षणी कॉम्प्युटरला दुसऱ्याच कोणी हाक मारली, तर हुकूम उशिरा निघतो. कॉम्प्युटरच्या भाषेत या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. ती कशी येते आणि ती टाळण्यासाठी काय करतात, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

• इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला हातातले काम थांबवून दुसरीकडे लक्ष द्यायला लावणारा संकेत.
• वेळेचे बंधन असलेल्या कामासाठी प्रोसेसरचा एखादा कोअर राखीव ठेवता येतो.
• कोअर राखीव ठेवला तरी त्याच्यावर येणारे इंटरप्ट आपोआप थांबत नाहीत. ते वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि प्रत्येक वाट वेगळी बंद करावी लागते.
• इथे सरासरी वेग महत्त्वाचा नसतो. सर्वांत वाईट क्षणी किती उशीर झाला, तेवढेच मोजायचे असते.

इंटरप्ट म्हणजे नेमके काय?

कीबोर्डचे बटण दाबले, माऊस हलवला, नेटवर्कवरून माहिती आली किंवा डिस्कने फाइल वाचून संपवली, की संबंधित भाग प्रोसेसरला संकेत पाठवतो. प्रोसेसर हातातले काम जिथे असेल तिथे थांबवतो, आपण कुठे होतो याची खूण ठेवतो, आलेले काम उरकतो आणि परत मूळ कामावर येतो.

ही सोय फार उपयोगाची आहे. ती नसती, तर प्रोसेसरला प्रत्येक यंत्राला सारखे ‘काही आहे का?’ असे विचारत बसावे लागले असते. मोबाइल किंवा लॅपटॉपमध्ये दर सेकंदाला शेकडो-हजारो इंटरप्ट येतात आणि कोणाला कळतही नाही. एकेका इंटरप्टला साधारण काही मायक्रोसेकंद लागतात. एका सेकंदात १० लाख मायक्रोसेकंद असतात. डोळ्याची पापणी लवायलाच लाखभर मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ जातो. त्यामुळे व्हिडिओ बघताना ५०-१०० मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाले तरी काहीच बिघडत नाही. मशीन चालवताना मात्र बिघडू शकते.

कोल्हापूरच्या मशीन शॉपशी याचा काय संबंध?

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक पट्ट्यांत फौंड्री आणि मशीन शॉप यांची साखळी आहे. एका ठिकाणी कास्टिंग तयार होते, दुसरीकडे त्याचे मशिनिंग होते आणि तो भाग वाहन किंवा इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडे जातो. या साखळीत मोजमाप मायक्रॉनमध्ये चालते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १०० मिलिमीटर व्यासाच्या बोअरला ड्रॉइंगवर ‘एच-७’ टॉलरन्स दिला असेल, तर एकूण सूट फक्त ३५ मायक्रॉनची असते.

आता हिशेब बघा. समजा, टूल मिनिटाला ६ मीटर वेगाने सरकते आहे. म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर, म्हणजेच एका मिलिसेकंदात १०० मायक्रॉन. पुढचा हुकूम २०० मायक्रोसेकंद उशिरा आला, तर तेवढ्या वेळात टूल २० मायक्रॉन पुढे गेलेले असते. प्रत्येक उशिराची तेवढीच चूक जॉबवर उमटते असे नाही. सरळ रेषेत मोटर आधीच्या वेगाने चालत राहते आणि फरक जाणवत नाही. पण कोपऱ्यावर किंवा गोलाईत, जिथे दिशा सारखी बदलते, तिथे खूण दिसू शकते.

स्टेपर मोटर असेल तर प्रश्न आणखी वेगळा आहे. या मोटरला एकेक पल्स मिळाला की ती एकेक पायरी पुढे सरकते. पल्समधले अंतर अचानक कमी-जास्त झाले, तर मोटर पायरी चुकवते. मोटरवर एन्कोडर नसेल, तर कंट्रोलरला याचा पत्ताच लागत नाही. तिथून पुढचा सगळा जॉब तेवढा सरकून कापला जातो.

मोठ्या कंपन्यांच्या तयार सीएनसी कंट्रोलरमध्ये ही काळजी बनवणाऱ्यानेच घेतलेली असते, मशीन मालकाला त्यात डोकावे लागत नाही. जुन्या मशीनचा कंट्रोलर बंद पडला आणि त्याजागी साधा पीसी व ‘लिनक्स-सीएनसी’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवायचे ठरले, की मात्र ही जबाबदारी बसवणाऱ्याच्या अंगावर येते. लिनक्स-सीएनसीचे मूळ अमेरिकेतील ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेच्या प्रकल्पात आहे. त्यात मोटर-नियंत्रणाचे मुख्य चक्र सहसा १ मिलिसेकंदाचे असते. स्टेपरचे पल्स पीसीतूनच काढायचे असतील, तर त्यासाठीचे चक्र २५ ते ५० मायक्रोसेकंद इतके लहान ठेवावे लागते.

सरासरी नको, सर्वांत वाईट वेळ सांगा

कॉम्प्युटर विकत घेताना सगळे विचारतात, ‘फास्ट आहे का?’ वेळेचे बंधन असलेल्या कामात हा प्रश्न चुकीचा ठरतो. एखादा पीसी दहा लाख वेळा ५ मायक्रोसेकंदांत उत्तर देतो आणि एकदाच ४०० मायक्रोसेकंद लावतो. त्याची सरासरी उत्तम दिसेल, पण जॉब बिघडवायला ती एक वेळ पुरेशी आहे. याउलट, जो पीसी कायम १५ मायक्रोसेकंद घेतो आणि कधीच २० च्या वर जात नाही, तो मशीनसाठी चांगला. कारखान्यात रोज दहा मिनिटे उशिरा येणाऱ्या बसचे वेळापत्रक बसवता येते. कधी वेळेवर आणि कधी दोन तास उशिरा येणाऱ्या बसचे बसवता येत नाही.

कोअर राखीव ठेवणे म्हणजे काय?

आजच्या साध्या पीसीतही प्रोसेसरचे चार किंवा जास्त कोअर असतात. लिनक्समध्ये संगणक सुरू होतानाच ‘हा कोअर साध्या कामांना देऊ नको’ असे सांगता येते. त्यासाठीची जुनी आणि सर्वपरिचित सूचना म्हणजे ‘आयसोल-सीपीयूज’. समजा, ०, १, २, ३ असे चार कोअर आहेत. त्यातला ३ क्रमांकाचा कोअर मशीनच्या कामाला राखून ठेवला. उरलेले तीन कोअर स्क्रीन, नेटवर्क, डिस्क आणि इतर घरकाम सांभाळतात. त्यांना ‘हाउसकीपिंग’ कोअर म्हणतात.

इथेच अनेकांची फसगत होते. या सूचनेमुळे शेड्युलर बाकीचे प्रोग्रॅम त्या कोअरवर टाकत नाही, एवढेच होते. इंटरप्ट शेड्युलरला विचारून येत नाहीत. म्हणजे खोलीच्या दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली, पण खोलीतला फोन वाजतच राहिला.

व्यत्ययाच्या वाटा आणि त्यावरचे उपाय

१. यंत्रांचे इंटरप्ट

नेटवर्क कार्ड, डिस्क, यूएसबी, ग्राफिक्स यांचे संकेत कोणत्या कोअरकडे जावेत, हे लिनक्समध्ये ठरवता येते. प्रत्येक इंटरप्टला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे परवानगी असलेल्या कोअरची यादी लिहिता येते. आपल्या उदाहरणात सगळ्यांच्या यादीत फक्त ०, १ आणि २ लिहायचे. हीच गोष्ट सुरुवातीलाच एका सूचनेने सर्वांना लागू करता येते, तिला ‘आयआरक्यू ॲफिनिटी’ म्हणतात.

दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले, ‘आयआरक्यू-बॅलन्स’ नावाची सेवा इंटरप्टचे ओझे सगळ्या कोअरवर वाटत असते. हाताने लावलेली वाटणी ती पुन्हा बदलू शकते, म्हणून राखीव कोअर तिच्या यादीतून वगळला आहे याची खात्री करावी लागते. दुसरे, एनव्हीएमई डिस्क आणि काही नेटवर्क कार्ड प्रत्येक कोअरसाठी वेगळी रांग ठेवतात आणि त्या रांगांचे इंटरप्ट लिनक्स स्वतःच वाटते. ते हाताने हलवता येत नाहीत. नव्या लिनक्समध्ये त्यांना राखीव कोअरपासून शक्य तितके दूर ठेवण्याचा पर्याय आहे. मात्र राखीव कोअरवरच्या प्रोग्रॅमनेच डिस्कवर लिहायला सुरुवात केली, तर उत्तर त्याच कोअरवर येणार. म्हणून मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल लिहिण्याचे काम दुसऱ्या कोअरवरच्या प्रोग्रॅमकडे सोपवायचे असते.

२. घड्याळाचा टोल

लिनक्स प्रत्येक कोअरवर ठरावीक वेळाने टोल वाजवते आणि ‘आता कोणाची पाळी?’ हे तपासते. हा टोल सेटिंगप्रमाणे सेकंदाला १००, २५०, ३०० किंवा १००० वेळा वाजतो. कोअरवर एकच काम असेल तर पाळी तपासण्याची गरजच नसते. म्हणून २०१३ मध्ये आलेल्या लिनक्स ३.१० पासून ‘नो-हर्ट्झ फुल’ ही सोय मिळाली. राखीव कोअरवर एकच काम धावत असेल, तोवर टोल बंद ठेवला जातो. दुसरे काम तिथे आले, की टोल पुन्हा सुरू होतो.

ही सोय न थांबता अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमला जास्त उपयोगी पडते. लिनक्स-सीएनसीचा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने जागा होतो, काम करतो आणि पुन्हा थांबतो. त्याला जागे करणारा गजर हाही एक इंटरप्टच आहे आणि तो हवाच असतो. म्हणजे सगळे इंटरप्ट शून्यावर आणणे हे ध्येय नाही. नको असलेले काढायचे आणि हवा असलेला वेळेवर येऊ द्यायचा.

३. लिनक्सची स्वतःची आवराआवर

वापरून झालेली माहिती मोकळी करणे, मागे ठेवलेली छोटी कामे उरकणे, अशी आवराआवर लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल प्रत्येक कोअरवर करत असतो. त्यातला मोठा भाग ‘आरसीयू’ या व्यवस्थेचा असतो. ‘आरसीयू नो-सीबीज’ या सूचनेने तो हाउसकीपिंग कोअरकडे वळवता येतो.

४. एका कोअरने दुसऱ्याला मारलेली हाक

कोअर एकमेकांनाही इंटरप्ट पाठवतात. एकाच प्रोग्रॅमचे धागे दोन कोअरवर चालत असतील आणि एकाने मेमरीच्या नोंदी बदलल्या, तर दुसऱ्याला जुन्या नोंदी खोडायला सांगावे लागते. ही हाक यादी लावून अडवता येत नाही, तिचे कारणच टाळावे लागते. त्यासाठी लागणारी सगळी मेमरी सुरुवातीलाच घेऊन ती कुलूपबंद करतात आणि काम चालू असताना घेणे-सोडणे करत नाहीत. मशीन चालू असताना नवे ड्रायव्हर चढवणे किंवा सिस्टिमची तपासणी करणारी साधने लावणे हेही टाळतात.

५. दिसत नसलेला व्यत्यय

इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर ‘सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट’ नावाचा प्रकार असतो. मदरबोर्डचे फर्मवेअर पंखा, तापमान, जुन्या पद्धतीचा यूएसबी कीबोर्ड अशा कामांसाठी प्रोसेसर थेट ताब्यात घेते. लिनक्सला याची खबरही नसते, तेवढा वेळ फक्त गायब होतो. लिनक्समधली कोणतीही सूचना याला अडवू शकत नाही. बायोसमध्ये जाऊन अनावश्यक सोयी बंद करणे, तेही न जमल्यास मदरबोर्ड बदलणे, एवढाच मार्ग उरतो. म्हणूनच महागडा नवा पीसी नापास होतो आणि एखादा जुना ऑफिस पीसी पास होतो, असेही घडते.

६. झोप आणि शेजारी

हे दोन इंटरप्ट नाहीत, पण परिणाम तसाच होतो. वीज वाचवण्यासाठी रिकामा कोअर गाढ झोपतो आणि त्याला जागे व्हायला दहापासून शंभराहून जास्त मायक्रोसेकंद लागू शकतात. गाढ झोप बंद करता येते, पण मग प्रोसेसर जास्त तापतो. फौंड्रीजवळच्या शेडमध्ये, एप्रिल-मे महिन्यांत, धूळ बसलेल्या पंख्याच्या पीसीवर हे करताना थंडाव्याची सोय आधी बघावी लागते. तसेच ‘हायपर-थ्रेडिंग’ चालू असेल, तर एका खऱ्या कोअरचे दोन कोअर दाखवले जातात. त्यातला एक राखीव ठेवला आणि दुसऱ्यावर ब्राउझर चालू दिला, तर दोघे एकाच चुलीवर स्वयंपाक करणार. म्हणून ही सोय बंद ठेवतात किंवा जोडीदारही रिकामा ठेवतात.

आधी मोजा, मग बदला

वरच्या सगळ्या सूचना एकदम लावल्या, तर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही. जाणकार एक बदल करतात, मोजतात आणि मग पुढचा करतात.

पहिले मोजमाप अगदी सोपे आहे. लिनक्सच्या ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये ‘इंटरप्ट्स’ नावाची फाइल असते. तिच्यात प्रत्येक कोअरचा एक स्तंभ आणि प्रत्येक इंटरप्टची एक ओळ असते. एकदा वाचून ठेवायची, दहा मिनिटांनी पुन्हा वाचायची आणि वजाबाकी करायची. राखीव कोअरच्या स्तंभात जी ओळ वाढलेली दिसेल, तीच पुढे शोधायची.

दुसरे मोजमाप उशिराचे. ‘सायक्लिक-टेस्ट’ हा प्रोग्रॅम ठरलेल्या क्षणी उठायचे ठरवतो आणि प्रत्यक्षात किती उशिरा उठला ते नोंदवतो. लिनक्स-सीएनसीमध्ये त्यासाठी स्वतःची ‘लेटन्सी टेस्ट’ आहे. ही चाचणी पीसी रिकामा ठेवून घेण्यात अर्थ नाही. मोठ्या फाइल कॉपी करत, व्हिडिओ लावून, खिडक्या हलवत, काही तास चालवावी लागते.

लिनक्स-सीएनसीच्या मार्गदर्शनानुसार कमाल उशीर १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असेल, तर पीसीतून थेट स्टेपर चालवायला तो उत्तम. ३० ते ५० असेल तरी चालते, फक्त मोटरचा कमाल वेग कमी ठेवावा लागतो. १०० च्या वर गेला, तर पल्स काढण्याचे काम वेगळ्या कार्डाकडे द्यावे. १ मिलिसेकंदाच्या वर गेला, तर तो पीसी या कामाचाच नाही.

फर्मवेअरने पळवलेला वेळ शोधायला ‘एचडब्ल्यू-लॅट-डिटेक्ट’ हे साधन आहे. २०२१ मध्ये लिनक्स ५.१४ सोबत ‘ओएस-नॉइज’ हे साधन आले. कोअरचा किती वेळ कोणत्या कारणाने गेला, याची फोड ते करून देते.

वीस वर्षांचे काम

लिनक्स मुळात वेळेच्या काटेकोर कामासाठी बनलेले नव्हते. ते बदलण्यासाठी २००४ च्या सुमारास ‘प्रीएम्प्ट आरटी’ हा प्रयत्न सुरू झाला. त्यात बहुतेक इंटरप्टची कामे साध्या धाग्यांसारखी केली जातात. त्यामुळे ‘मोटरचे काम आधी, नेटवर्कचे नंतर’ असा अग्रक्रम लावता येतो. सुमारे वीस वर्षे हे बदल वेगळे जोडावे लागत. सप्टेंबर २०२४ मध्ये ते मुख्य लिनक्समध्ये घेतले गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून सर्वांना मिळाले.

प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना यानाच्या संगणकाने ‘१२०२’ हा इशारा दिला. त्या क्षणी गरज नसलेल्या एका रडारकडून सतत संकेत येत होते आणि संगणकाचा वेळ खात होते. संगणकाने कमी महत्त्वाची कामे सोडून दिली, उतरण्याचे काम चालू ठेवले आणि यान सुखरूप उतरले. अनावश्यक हाक कमी करा आणि महत्त्वाच्या कामाला आधी जागा द्या, हा धडा तेव्हाचाच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरच्या लॅपटॉपवर हे केल्याने तो वेगवान होईल का?

नाही. एक कोअर कमी झाल्याने बाकीची कामे हळू होतील आणि वीज जास्त जाईल.

मग हे आणखी कुठे वापरतात?

रोबोट, मोबाइल टॉवरचे सॉफ्टवेअर, व्यावसायिक ध्वनिमुद्रण, तसेच शेअर बाजारातील अतिवेगवान व्यवहारांचे सर्व्हर, अशा ठिकाणी.

किती कोअर राखीव ठेवावेत?

लागतील तेवढेच. हाउसकीपिंगला कोअर कमी पडले, तर स्क्रीन आणि नेटवर्क अडखळतात आणि ऑपरेटरला मशीन अडकल्यासारखे वाटते.

सगळे नीट बसवले, तर इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरवर सोपवता येईल का?

नाही. लाल बटणाची वायर थेट मोटरची ताकद तोडणाऱ्या सर्किटलाच जोडलेली हवी. राखीव कोअरमुळे जॉब वाचतो. माणसाचा हात वाचवण्याचे काम कोणत्याही कोअरच्या भरवशावर ठेवायचे नसते.